एकावर न येणारा आकडा

एस्टीत बसली की शालन माझ्याशी बोलायची नाही. खिडकीतून पुढच्या गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे बघायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहायची. शेजारणीला वाटायचं, म्हातारी जप करतेय. एकदा रहिमतपुरातून कराडला जाताना एका बाईनं हात जोडून विचारलं, "कुठल्या देवाचं म्हणता, मावशी?" शालन म्हणाली, "देवाचं न्हाई. म्होरला ट्रक खाली आणतीया." बाई उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

शालन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले. मी चौथी पास. जन्म ट्रकवर गेला, लिहिण्याशी संबंध सहीपुरता. त्यामुळं हे वेडंवाकडं असेल तर असू दे. लोक भेटायला येतात, "लय चांगली होती" म्हणतात आणि गप्प बसतात. चांगली होती हे खरं, पण तेवढ्यावर ती ओळखू येत नाही. चांगल्या बाया गावात पुष्कळ आहेत.

ट्रक खाली आणायचा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुठलाही आकडा घ्यायचा. जोडीचा असेल, म्हणजे त्याचे सरळ दोन भाग होत असतील, तर निम्मा करायचा. एकांडा असेल तर तिप्पट करून वर एक मिळवायचा. जो येईल त्याला परत तसंच. समजा सात. सात एकांडा, तिप्पट एकवीस, वर एक, बावीस. बावीसचे निम्मे अकरा. अकराचे चौतीस, चौतीसचे सतरा. सतराचे बावन्न, मग सव्वीस, मग तेरा. तेराचे चाळीस, आणि वीस, दहा, पाच. पाचाचे सोळा, आणि तिथनं आठ, चार, दोन, एक. आला खाली. कुठलाही आकडा घेतला तरी शेवटी एकावर येतो म्हणतात. पण प्रत्येक आकडा येणारच, हे आजपर्यंत जगात कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. मोठमोठे गणिती थकले. हे मला शालननं सांगितलं, आणि तिला दिवाळी अंकातल्या एका गोष्टीनं.

गावच्या वाचनालयात ती बावीस वर्षं कामाला होती. झाडून काढायचं, चारला दार उघडायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची, सातला कुलूप लावायचं. माहेर म्हसवडचं. तिकडं शाळेत सातवीपर्यंत गणितात पहिली यायची असं तिचा भाऊ सांगायचा, ती स्वतः कधी बोलली नाही. वाचनालयातली सगळी कपाटं तिनं वाचून काढली होती, पण जीव अंतराळातल्या गोष्टींवर. तबकड्या, दुसऱ्या ग्रहावरची माणसं, बोलणारी यंत्रं. मी म्हणायचो, "आगं, ह्यात खरं काय हाय?" ती म्हणायची, "खरं बघायला तुमी हायसा की घरात."

तिला एक खोड होती. हातात शिसपेन्सिल घेऊन वाचायची. मंगळवारी निघालेला माणूस तीन दिवसांनी शनिवारी पोचला की कडेला लिहायची, 'शुक्रवार'. एका जाड कादंबरीत नायिकेला चैत्रात दिवस गेले आणि ती बाळंत झाली पुढच्या चैत्रात. शालननं बारीक अक्षरात लिहिलं, 'म्हशीलाही इतके लागत नाहीत.' ती कादंबरी कुणी नेत नव्हतं, त्यानंतर तिला नंबर लागले. वाचनालयाचे अध्यक्ष रागावले. म्हणाले, "शालनबाई, तुम्ही पुस्तकं खराब करताय." ती म्हणाली, "खराब आदीच हुती. मी नीट केली." अध्यक्षांनी पेन्सिल काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी आणली.

तर ती गोष्ट. सांगलीच्या एका प्राध्यापकांची होती, दिवाळी अंकात आलेली. नाव देत नाही, त्यांना आवडायचं नाही. आम्ही त्यांना सर म्हणतो. गोष्टीत लांबच्या एका ग्रहावर एक थोरलं यंत्र असतं. त्या यंत्राच्या जोरावर तिथली हवा टिकलेली. यंत्रात एक आकडा घातलेला, आणि यंत्र सारखं एवढंच करतं, जोडीचा असला तर निम्मा, एकांडा असला तर तिप्पट आणि एक. आकडा एकावर आला की यंत्र बंद, हवा बंद, माणसं खलास. पण त्या लोकांनी फार पूर्वी असा एक आकडा शोधून काढलाय जो कधीच एकावर येत नाही. म्हणून ते निर्धास्त. आपला एक शास्त्रज्ञ तिथं जातो, तो आकडा चोरून पृथ्वीवर आणतो आणि जगातलं न सुटलेलं गणित सुटतं. गोष्टीच्या शेवटच्या ओळीत तो आकडा छापला होता. नऊ आकडी.

मला विचाराल तर ती सगळी गोष्टच भिकार होती. हवा चोरायची सोडून कोण आकडा चोरेल?

शालन तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणाली, "आवं, ह्यो आकडा खाली येत न्हाई म्हणं."

"नसंल येत."

"करून बघाया पायजे."

जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून तिनं एक वही शिवली आणि बसली. आठ दिवस. भाजी निवडताना, उन्हात पापड राखताना, वाचनालयाच्या टेबलावर. तीनशेच्या वर ओळी झाल्या आणि आकडा एकावर आला. मी म्हणालो, "सुटलीस. खोटं निघालं." तिचं तोंड तसंच.

"एकांदी वळ चुकली आसंल तर?"

"चुकली आसती तर एकावर आला आसता व्हय?"

"त्येच की. चुकून भलताच आकडा झाला, तरी त्योबी एकावरच येणार. सगळंच येत्यात. मग मी बराबर केलं ह्ये कळायचं कसं?"

हिशेब चुकला की शेवट चुकतो, एवढंच मला ठाऊक. इथं चुकलं तरी शेवट तोच. तिनं दुसऱ्यांदा केलं. एकावर आला, पण ओळी कमी भरल्या. तिसऱ्यांदा केलं, ओळी आणखी वेगळ्या. चौथ्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या वहीच्या ओळी तेवढ्याच निघाल्या. मग मला समोर बसवलं. मी तिसरी वही मोठ्यानं वाचायची, तिनं चौथीत बोट ठेवून "हाय" म्हणायचं. मी जांभई दिली की ती परत वरनं सुरू करायला लावायची. सगळ्या ओळी जुळल्या. पहिल्या वहीत चाळिसाव्या ओळीला ती हातचा एक विसरली होती, तेही तिनं हुडकून काढलं आणि त्याच्याभोवती गोल केला.

तेव्हापासून तिला हे वेडच लागलं म्हणा. मी एकदा समजूत घालायला गेलो. म्हणालो, "आगं, मी खंबाटकीचा घाट कितीदा चढलो आसंल. चढ आसतोय, उतार आसतोय, पर गाडी शेवटाला खालीच येती. तसंच हाय ह्ये." ती म्हणाली, "घाट मानसानं बांधलाय. उतार कुठं ठेवायचा त्येनं ठरवलं. ह्येचा उतार कुनी ठेवलाय?" त्यानंतर मी उदाहरणं द्यायची बंद केली.

तिनं सरांना पत्र घातलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपण कथा वाचलीत, आनंद झाला, कथा काल्पनिक आहे, लोभ असावा. शालननं ते पत्र तीनदा वाचलं. आमची मुलगी सुनंदा सांगलीला दिलेली आहे. पुढच्या आठवड्यात शालननं सुनंदाकडं जायचं काढलं, आणि पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली चारही वह्या घातल्या.

सरांचं घर विश्रामबागेकडं. दार त्यांनीच उघडलं. "कोण आपण?"

"मी पत्र घातलं हुतं. आकड्याचं."

सर भला माणूस. आत बसवलं, चहा दिला. चहा पांचट होता, पण दिला. म्हणाले, "अहो ताई, ती विज्ञानकथा आहे. त्यात माणूस उजेडाच्या वेगानं जातो, ते चाललं तुम्हाला?"

"त्यो गेला का न्हाई मी बघितलं न्हाई. आकडा मी केलाय."

"केलाय म्हणजे?"

तिनं वह्या काढून टीपॉयवर ठेवल्या. सर पानं उलटायला लागले. आधी हसत होते, मग हसायचे थांबले. आत गेले, काँप्युटरवर काहीतरी बडवलं आणि बाहेर आले. "आला. एकावर आला."

"किती वळी?" शालननं विचारलं.

सरांनी सांगितल्या. तिनं चौथी वही उघडून शेवटचं पान बघितलं आणि म्हणाली, "बराबर हाय." सरांना वाटलं, ती स्वतःचं म्हणतेय. ती त्यांच्या यंत्राचं म्हणत होती.

"ह्यो आकडा आणला कुठनं तुमी?"

सरांनी मान खाजवली. "खरं सांगू? टेबलावर गॅसची पावती पडली होती. ग्राहक क्रमांक उलटा करून लिहिला. म्हटलं, कोण तपासतंय."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. यंत्रांनी अब्जावधीच्या पलीकडचे आकडे तपासून झालेत, एकूण एक खाली आलेत. खाली न येणारा असलाच, तर तो इतका मोठा असेल की आपल्याला लिहून पेलायचा नाही. आणि नसेलच, तर तसं सिद्ध करून दाखवता आलं पाहिजे. दोन्हीतलं काहीच कुणाला जमलेलं नाही.

"मग तसंच लिवा की."

"तसं लिहिलं तर गोष्टच उरत नाही, ताई. आकडा सापडला हीच तर गोष्ट आहे."

"सापडला न्हाई की पर."

मी म्हणालो, "चल आता, सरास्नी कामं आसतील." सर म्हणाले, पुढं या गोष्टींचं पुस्तक निघणार आहे, तेव्हा बघतो. जिन्यावर शालन म्हणाली, "बघतो म्हंजी न्हाई."

पुस्तकाचं लांबत गेलं. तेवढ्यात तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणून गावचं घर बंद करून आम्ही सुनंदाकडं राहायला आलो. एका खेपेला चार तास रक्त यंत्रातून फिरवायचं. बाकीचे पेशंट झोपायचे किंवा टीव्ही बघायचे. ही नर्सला तिच्या मोबाईलचा नंबर विचारायची. पोरगी म्हणायची, "कशाला आजी, फोन करणार?" शालन म्हणायची, "न्हाई, खाली आणणार." दहा आकडे तोंडी होईनात, मग शेवटच्या चारांवर भागवायची. ती पोरगी पुढं आल्या-आल्या विचारायला लागली, "आजी, आज माझे किती पायऱ्यांत उतरले?"

घरी परतताना सरांचं घर वाटेत. शालन रिक्षा थांबवायची. मी दारात जाऊन विचारायचं, "पुस्तक कवा निघतंय?" मला लाज वाटायची. डॉक्टरनं मला आणि सुनंदाला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं होतं. शालनला कुणी सांगितलं नाही, पण तिला न सांगता कळत नाही असं काही नव्हतं.

मी एकदा चिडून म्हणालो, "एका आकड्यानं तुझं काय अडलंय? छापंना का त्यो."

"मला आता दुसरं काय मागायचं न्हाई," ती म्हणाली. "तेवढा आकडा पुस्तकात जाया नको. जगात कुनाला ठाऊक न्हाई ते ह्यांनी गॅसच्या पावतीवरनं सांगून टाकलं. पुस्तक ऱ्हातंय. मी गेल्यावर त्येच्यावर कोन लिवणार, चूक हाय म्हणून? ठाऊक न्हाई तर न्हाई म्हणावं. त्यात काय कमीपना हाय?"

मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. माझ्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे थोडं जास्तच झालं असेल. पुढच्या खेपेला सर स्वतः दवाखान्यात आले. तिच्या पलंगाजवळ स्टुलावर बसले. म्हणाले, "ताई, आकडा काढून टाकतो. पण मग शेवट काय करू? त्या लोकांना आकडा सापडला नाही, तर ते जगतात कसे?"

शालन डोळे मिटून पडली होती. हाताला नळ्या. तशीच म्हणाली, "त्यास्नीबी ठाऊक नसू दे. यंत्रात आकडा चढतोय, उतरतोय. चाललंय तवर चाललंय. बंद पडंल का न्हाई, कुनालाच सांगता येत न्हाई. तरी ती मानसं सकाळी उठून कामाला जात्यात, लग्नं करत्यात, भांडत्यात."

"भीती नाही वाटणार त्यांना?"

"वाटंल की. न वाटाया काय झालं."

सरांनी बाजूच्या यंत्राकडं बघितलं, मग तिच्याकडं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मला अशी सवय नाही, अवघडल्यागत झालं.

महिन्याभरानं ते छापण्याआधीची पानं घेऊन दवाखान्यातच आले. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली, सकाळी, सुनंदाच्या घरी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते पानं आणली त्या दुपारचं.

गोष्टीतनं नऊ आकडी आकडा गेला होता. शेवट शालननं सांगितला होता तसा. मधे एक आख्खं पान नुसत्या आकड्यांचं होतं. त्या ग्रहावरची एक म्हातारी आपल्या शास्त्रज्ञाला सत्तावीस हा आकडा खाली आणून दाखवते. सत्तावीस दिसायला केवढासा, पण एकशे अकरा पायऱ्या घेतो, नऊ हजारांच्या वर चढतो आणि मग उतरतो. सर म्हणाले, "हे पान तुम्ही तपासून द्या. तुम्ही हो म्हणाल तर छापतो."

तिला तोवर अक्षर दिसेनासं झालं होतं. मी वाचायला बसलो. मी आकडा वाचायचा, तिनं मनात करून पुढचा सांगायचा, पानावर तोच असला की मी "हाय" म्हणायचं.

"सत्तावीस."

"ब्याऐंशी."

"हाय."

"एक्केचाळीस."

"हाय."

असं पाऊण तास. मधे दम लागला की थांबायची, पण आकडा विसरायची नाही. सर भिंतीला टेकून उभे. तीन हजार सत्याहत्तरवर आलो.

"नऊ हजार दोनशे बत्तीस," ती म्हणाली.

मी पान जवळ घेतलं. "न्हाई. हितं तेवीस हाय. नऊ हजार दोनशे तेवीस."

"म्होरं काय हाय?"

"चार हजार सहाशे सोळा."

"तेवीस एकांडा हाय, त्येचं निम्मं हुईल व्हय? बत्तीस करा."

सर लगबगीनं पुढं आले, खिशातनं पेन काढून तिथं खूण केली. म्हणाले, "माझ्या तीन वाचनांतून सुटलं हे." ती म्हणाली, "म्होरं वाचा." उरलेलं पान बरोबर होतं. एकावर आल्यावर तिनं हात हलवला, म्हणजे छापा.

सर पानं गोळा करत म्हणाले, "ताई, पुस्तकात सुरुवातीला तुमचे आभार मानायचेत. नाव पूर्ण कसं घालू?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "विमल घाला. विमल ज्ञानदेव, म्हसवड."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना सांगितलं. ज्ञानदेव तिचे वडील, विमल तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, ती आमच्याकडची पद्धत. माझ्या थोरल्या वहिनीचं नाव विमलच होतं. एका घरात दोन विमल नकोत, म्हणून आईनं हिचं शालन ठेवलं. मला विचाराल तर हिचं आधीचं नाव मी विसरूनच गेलो होतो. पन्नास वर्षं होत आली.

"शालन आवडत न्हवतं व्हय तुला?" मी विचारलं.

"वाईट न्हाई. पर शाळंत गणित विमलनं केलं हुतं."

"मग कवा बोलली न्हाईस."

"इचारलं कवा कुनी?"

सरांनी नाव लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, तिनं मान हलवली. ते गेले. नर्स येऊन यंत्र बघून गेली, अजून तासभर होता. मी स्टूल ओढून जवळ बसलो. तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि हळूच म्हणालो, "विमल."

तिनं एक डोळा उघडला.

"तुमी नका म्हणू," ती म्हणाली. "थोरल्या जाऊबाईला हाक मारल्यागत वाटतंय."

आणि हसली. यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं.